कलम सहा : वहिनी

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकसुद्धा माणूस विश्वास ठेवणार नाही, हे आधीच पैजेवर सांगून ठेवतो. मीसुद्धा ठेवला नसता; पण या डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहिल्यावर पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच थापाड्या म्हणत फिरत होतो! तर ऐका. मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांना लागून, आमच्या पडवीशेजारी खवणेकरांचं कौलारू घर होतं, आणि चौऱ्याऐंशी साली ते घर एका कराराचं अक्षर न् अक्षर पाळायला लागलं. माणसं पाळतात तसं नव्हे हो, सोयीने, सवडीने... घर पाळायला लागलं! भिंती, नळ, उजेड, फोडणीचा वास... सगळं!

पण आधी ती दुपार.

त्या दुपारी वनमालावहिनी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथेच तिचे पाय खिळले. पुढच्या खोलीत तिचं नाव घेतलं जात होतं... आणि जिवंत माणसाचं घ्यावं तसं नव्हे. कपाटाचं, पाट्या-वरवंट्याचं, भिंतीतल्या खुंटीचं घ्यावं तसं!

“कलम सहा,” मार्तंडराव नाकावरचा चष्मा सावरत वाचत होते. “मथळा : वहिनी. मजकूर : श्रीमती वनमाला धाकू खवणेकर या ज्या पक्षकाराकडे राहतील, त्या पक्षकाराकडे घराचे स्वयंपाकघर राहील. बोला, नाव कोणाचं टाकू?”

“माझं!” थोरला दीर जयवंत म्हणाला.

“माझं!” धाकटा श्यामसुंदर त्याच श्वासात म्हणाला.

हे मार्तंडराव स्टेशनाबाहेर ताडपत्रीखाली टाइपरायटर मांडून बसत. वाटणीचा, भाड्याचा, भागीदारीचा, कसलाही करार असो, त्यांनी लिहिला की तो हाडापर्यंत लागू व्हायचा. एकदा दोन चुलतभावांना त्यांनी एक आंब्याचं झाड वाटून दिलं, तर पुढच्या वर्षी अर्ध्या झाडाला हापूस लागला आणि अर्ध्याला रायवळ! “करार म्हणजे घरच,” ते गिऱ्हाइकाला समजावून सांगत. “एकेक कलम ही एकेक खोली, आणि मथळा ही खोलीवरची पाटी. पहिल्या कलमात शब्दांच्या व्याख्या. तिथे एकदा लिहिलं की ‘घर’ म्हणजे मुलुंड पूर्व येथील ही कौलारू इमारत, की पुढे कितीही वेळा ‘घर’ येऊ दे, अर्थ तोच. आणि दुसऱ्या कलमात काय म्हटलंय ते विसरायचं नाही. मथळे फक्त शोधायच्या सोयीसाठी. पाटीने हक्क मिळत नसतो, हक्क खोलीत जे असेल त्याचा!”

खवणेकरांच्या घरात पुढची खोली जयवंतची, मागची श्यामसुंदरची, हे दोघांना पटलं होतं. नळाच्या वेळा पटल्या होत्या. घरामागे शेवग्याखाली शेंदूर फासलेला राखणदाराचा दगड होता, त्याचंसुद्धा कलम झालं होतं. फक्त राखणदार स्थावर धरायचा की जंगम यावर मार्तंडरावांनी तासभर डोकं खाजवलं होतं, कारण दगड म्हणावा तर हलत नाही, आणि देव म्हणावा तर रोज घराभोवती फेरी मारतो! अडलं होतं ते फक्त मधल्या स्वयंपाकघरावर. आणि स्वयंपाकघर म्हणजे वहिनी.

“माझ्याकडे राहणार ती,” जयवंतचा आवाज चढला. “मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? विचार तिला!”

“आणि मला कडेवर घेऊन शाळेत कोण सोडायचं रे? तू?”

दाराशी उभ्या असलेल्या वनमालेचं हृदय काठोकाठ भरून आलं. तिचा नवरा धाकू, या दोघांचा सर्वात मोठा भाऊ, गिरणीतून घरी आला तो तापाने फणफणतच आला आणि आठवड्याच्या आत गेला, तेव्हा ती ऐन विशीत होती. मालवणहून तिचे वडील न्यायला आले. ती सातवीची फायनल पास झालेली. गावच्या शाळेत मास्तरीणबाईंची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीच्या वर्गात... त्या खिडकीची तिने किती स्वप्नं पाहिली होती! पण निघायच्या सकाळी तिच्या चपला सापडेनात. आईबापांविना उरलेल्या त्या दोन कोवळ्या दिरांनी त्या कौलांवर फेकून दिल्या होत्या! वनमालेने वर कौलांकडे पाहिलं, पोरांच्या सुकलेल्या तोंडांकडे पाहिलं, आणि बांधलेली ट्रंक पुन्हा खाटेखाली सारली. खिडकी तिकडेच राहिली, उघडी...

आणि आज तीच पोरं, बायकामुलांची झालेली, तिच्यासाठी भांडत होती! अजून मी हवी आहे यांना... अजून! तिच्या पापण्यांच्या कडा ओलावल्या.

तेवढ्यात पडद्याआडून जयवंतच्या बायकोची, प्रेमाची कुजबुज आली, “अहो, ओटा सोडू नका हां. कडप्पा आत्ताच बसवलाय.”

आणि श्यामसुंदरच्या वसुधेने नवऱ्याला कोपर मारलं. “गॅसचं बोला ना! वहिनी आल्या की गॅस आला.”

वनमालेने दोन्ही ऐकलं, आणि कप तसेच धरून ती एक पाऊल मागे सरकली. आत तोवर जयवंतने धाकट्याची कॉलर धरली होती.

“हात सोड, नाहीतर वाट लावीन!”

“लाव ना! लाव! वहिनीच्या जिवावर मोठा झालास आणि मला दम देतोस?”

“जया! शाम्या!” वनमाला धावली, एक कप फरशीवर पडून फुटला, आणि त्या आवाजाने दोघे वेगळे झाले. तुकडे गोळा करताना ती एकदाही मान वर करून बघू शकली नाही. या दोघांनी एकमेकांवर हात टाकलेला तिने कधी पाहिला नव्हता... आणि त्या दोन मुठींच्या मध्ये आज तिचंच नाव होतं!

दुसऱ्या दिवशी दोघे कामावर गेले, जयवंत विक्रोळीच्या कारखान्यात आणि श्यामसुंदर अंधेरीला, तशी ती डोईवर पदर घेऊन ताडपत्रीखाली जाऊन उभी राहिली.

“मार्तंडराव, कलम सहा काढून टाका.”

टाइपरायटर थांबला. “काढून? आणि स्वयंपाकघर?”

“ओट्याच्या मधोमध रेघ मारा. अर्धो जयाचो, अर्धो शाम्याचो. माझा नाव गेला की भांडाण गेला.”

“आणि तुम्ही हो?”

“मी...” ती हसली. मिठावर ऊन पडावं तसं ते हसू, बघणाऱ्याच्या डोळ्यांना बोचणारं. “माका किती जागा लागता?”

मार्तंडरावांनी मान डोलावली, कागद उलटासुलटा केला, आणि एकदम कपाळाला हात लावला. “अहो बाई, सहावं काढलं तर सातव्याचं सहावं होईल, आठव्याचं सातवं! अकराव्यात लिहिलंय ‘कलम आठप्रमाणे’, चौदाव्यात ‘कलम नऊच्या अधीन राहून’. सगळे संदर्भ एकेक खोली सरकायचे. एखादा जरी माझ्या नजरेतून सुटला तर राखणदार नळाच्या वेळापत्रकात जाऊन बसेल!”

“मग?”

“मग असं करू. आकडा राहू दे, मथळा राहू दे. खालचा मजकूर तेवढा गाळतो.”

आणि त्यांनी तसंच केलं. स्वच्छ पांढऱ्या कागदावर ‘कलम ६ : वहिनी’, आणि त्याच्याखाली कोरी जागा... अंगण झाडून ठेवावं तशी कोरी. वनमालेने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. दारावर आपलं नाव आणि आत कोणी नाही... पण पोरं एकमेकांची गळपटी धरणार नाहीत, एवढ्यावर ती तृप्त झाली!

रविवारी सह्या झाल्या. आणि इथेच ती चूक झाली, जी फक्त एकाच आईच्या मायेत वाढलेले दोन भाऊ करू शकतात. जयवंतने पानं उलटली, सहाव्या कलमाचा मथळा पाहिला, ‘वहिनी’, आणि तो तिथेच थांबला. ओटा अर्धा-अर्धा झाला होता, म्हणजे वहिनीने मार्तंडरावांकडे जाऊन आपली सोय लावून घेतली होती. आणि आपल्याला विचारलंही नाही, त्या अर्थी तिने शाम्याला निवडलं... खालचं वाचायची त्याची छाती झाली नाही. त्याने डोळे मिटून सही ठोकली. श्यामसुंदरने मथळा पाहिला आणि त्याच्याही मनात तेच आलं : तिने दादाला निवडलं! त्याने दात आवळून सही केली. दोघेही दुखावले, आणि कोपऱ्यात उभी असलेली वनमाला मनात म्हणाली, देवा, मिटलं रे बाबा एकदाचं!

दुसऱ्या सकाळपासून घर करार पाळायला लागलं.

प्रेमाने आपल्या अर्ध्या ओट्यावर बांगडा तळला, तर वास रेघेपर्यंत आला, तिथे थबकला, आणि पाहुणा चुकीच्या दारावरून परतावा तसा माघारी गेला! खवणेकरांचा बोका रेघेवर बसून नुसता वेडा झाला. डावीकडे तोंड केलं की बांगडा, उजवीकडे केलं की शेवग्याची आमटी. पहिल्या तासाचं पाणी पुढच्या भागाचं, हे कलम आठ. त्या तासात वसुधेने नळ सोडला तर नुसती शीळ यायची, आणि प्रेमाने हात लावला की धो धो! काचेच्या कौलातून उन्हाचा कवडसा पडायचा तोसुद्धा जमिनीवर येताना दुभंगायचा, अर्धा इकडे, अर्धा तिकडे, आणि मध्ये रेघेइतकी सावली सोडायचा. हसताय काय? जाऊन बघा म्हटलं असतं, पण आता ते कौल बदललंय!

आणि वनमाला? तिची वळकटी त्या रेघेवर पसरलेली असायची, कारण उरलेल्या जमिनीच्या वितीवितीला कुठल्या ना कुठल्या कलमात मालक होता. पहिल्या तासाला नळ तिला ओळखेना, दुसऱ्याही तासाला ओळखेना. कवडसा तिच्यापाशी येऊन दोन्हीकडून वळसा घालून जायचा. एका सकाळी केस विंचरायला ती आरशासमोर उभी राहिली, तर आरशात मागची भिंत दिसली, खुंटीवरची पिशवी दिसली, पण मध्ये कोणी नव्हतं! करारात मजकूर नसलेल्या बाईला त्या घरानं हळूहळू, अगदी अदबीनं, दिसेनासं केलं. प्रेमा एकदा पीठ मळायला बसली आणि पाट समजून परात तिच्या मांडीवर ठेवली! वनमाला हलली नाही. कणीक मळून होईपर्यंत श्वास रोखून बसून राहिली, मळणारीचा हात अडखळू नये म्हणून...

“जेवलात का हो, जाऊबाई?” प्रेमा ओट्याकडे तोंड करून विचारी.

“जेवलंय गो.”

“जेवलात?” वसुधा पलीकडून विचारी.

“जेवलंय.”

प्रेमाला वाटे, वसुधाकडे जेवल्या. वसुधेला वाटे, प्रेमाताईंकडे. खोटं त्यांच्यापैकी कोणाच्याच मनात नव्हतं, हे लक्षात घ्या! दीर तर विचारतही नव्हते. जयवंत तिच्या अंगावरून जाताना मान फिरवी : राहा तुझ्या लाडक्या शाम्याकडे. श्यामसुंदर चप्पल घालताना स्वतःशीच पुटपुटे : दादाच्या राज्यात सुखात आहेस ना, मग झालं. आणि ती मध्ये उभी... दोन्ही बाजूंनी ‘वहिनी’ अशी एक तरी हाक येईल म्हणून कानांत प्राण आणून उभी!

शेवटी ती मिठागरात जाऊन बसू लागली. त्या जमिनीला खवणेकरांच्या कराराचं कुठलंच कलम लागत नव्हतं. दुपार कलली की ती बांधावरून चालत जायची, आणि पहिल्या वाफ्यापाशी तिची सावली तिला परत मिळायची; आधी पायांशी एक फिकट डाग, मग कंबर, मग पदर... पाण्यात आकाश उलटं पडलेलं, त्यात मिठाचे शुभ्र ढीग तरंगत असलेले, लांब खाडीवरून फ्लेमिंगोंची गुलाबी रांग सरकत असलेली, आणि वारा असा की त्याने डोळ्यांतलं पाणी आणि खालचं खारं पाणी यांत भेदच ठेवू नये. कधी कधी त्या स्थिर पाण्यात तिला एक खिडकी दिसे, मालवणची, उघडी. आतून मुलांचे पाढे ऐकू येत... ती खिडकीकडे हात करी आणि लगेच मागे घेई. सहा वाजले की शाम्याला चहा लागतो, जयाला भाजलेला पापड लागतो... आणि मग तिला आठवे, की आता ते तिचं काम उरलेलं नाही. त्या कामाची कलमं वेगळी झाली आहेत.

होळी झाली, आणि राखणदाराला नारळ ठेवायचा रविवार आला. मालवणी घरात हे चुकत नाही; भाऊ-भाऊ कितीही तुटले तरी राखणदार एकच. शेवग्याखाली सगळे जमले. जयवंतने नारळ पुढे ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा राखणदारा म्हाराजा! आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे. पक्षकार क्रमांक एक आणि पक्षकार क्रमांक दोन...”

“दादा, अरे काय बोलतोस!” श्यामसुंदर फिसकन हसला. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलत होता तो.

“च्यायला, जिभेवर बसलंय ते!” जयवंतही हसला, आणि पुन्हा हात जोडले. “ह्या घरातल्या सगळ्या लेकरांची राखण कर. कोणाकडून काय चुकला असात तर पदरात घे म्हाराजा!”

आणि तो थांबला.

गाऱ्हाण्याला जाब लागतो. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा! त्या घरात तो जाब आधी वहिनी द्यायची, मागून, ठणठणीत आवाजात, आणि मग तिच्या आवाजाचा हात धरून सगळे बोलायचे. आज कोणी बोललं नाही. शेवग्याचं पान हललं नाही, घरात भांडं वाजलं नाही. त्या शांततेत दोघे भाऊ एकाच क्षणी मागे वळले.

“वहिनी कुठाय?” जयवंतने विचारलं.

“मला काय विचारतोस? तुझ्याकडे असते ना ती.”

“माझ्याकडे? शाम्या, कलम सहात तिने तुला निवडलं!”

“मला? अरे तुला निवडलं म्हणून मी गेले दोन महिने...”

प्रेमा आणि वसुधा एकमेकींकडे बघत होत्या. प्रेमाचा चेहरा आधी पांढरा पडला. “वसुधा... जाऊबाई तुमच्यातच जेवतात ना गं?”

“आमच्यात? नाही हो ताई! तुमच्यात...”

श्यामसुंदर आत धावला, करार घेऊन आला, पानं फाटतील अशी उलटली. कलम सहा. मथळा : वहिनी. आणि खाली... त्याने कागद उन्हात धरला, मागून पाहिला, पुन्हा पुढून पाहिला. 

“दादा, इथे काहीच नाही रे! काहीच लिहिलेलं नाही!”

जयवंतने कागद घेतला आणि तो मटकन राखणदारासमोर खाली बसला. ज्या नावासाठी त्याने धाकट्याची कॉलर धरली, ते नाव तिने स्वतःच्या हाताने रिकामं करून ठेवलं होतं... आणि आपण ते वाचलंसुद्धा नाही! वरची पाटी बघून परत फिरलो! “तिला टाकली रे आपण,” तो लहान मुलासारखा हुंदका देऊन म्हणाला, “दोघांनी मिळून रस्त्यावर टाकली!”

मग ते धावले. चपला वाटेत सुटल्या, कोणी उचलल्या नाहीत. बांधावरून, वाफ्यांच्या कडेने, प्रेमा आणि वसुधा निऱ्या वर खोचून मागून. शेवटच्या मिठाच्या ढिगापाशी त्यांना आधी फक्त एक सावली दिसली, माणूस नाही, नुसती सावली, गुडघ्यांभोवती हात घालून बसलेली.

“वहिनी!” दोघांनी एकदम हाक मारली. आणि त्या हाकेसरशी, सावलीच्या टोकापासून, पाय दिसले, पातळाची किनार दिसली, आणि मग तिचा चेहरा... केवढा वाळलेला, केवढा शांत!

“काय रे? नारळ फोडलात?”

“तू जाब दिल्याशिवाय कसा फोडणार गो?” जयवंतने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. “का केलंस असं? आम्हाला मारायचं होतंस, शिव्या द्यायच्या होत्यास... स्वतःला कशाला पुसलंस?”

“तुम्ही दोघे गळपटी धरून उभे होतास,” ती हळूच म्हणाली. “मध्ये मी होतंय. मी बाजूक झालंय. आणखी काय करतलंय?”

“माझ्याकडे चल,” जयवंत म्हणाला.

“तुझ्याकडे का? माझ्याकडे!” श्यामसुंदर उसळला.

“झाला!” वनमालेने कपाळाला हात लावला, “परत चालू!” आणि अश्रूंतूनच तिला हसू फुटलं.

तेव्हा श्यामसुंदरने डोळे पुसले, करार गुडघ्यावर पसरला आणि खिशातलं पेन काढलं. “दादा, सहाव्यात काही लिहायचं नाही. पहिल्यात लिहायचं. व्याख्येतच!” आणि जिथे होतं, ‘घर म्हणजे मुलुंड पूर्व येथील कौलारू इमारत’, ती ओळ त्याने आडवी खोडली आणि वर लिहिलं : ‘घर म्हणजे श्रीमती वनमाला धाकू खवणेकर जिथे असतील ती जागा.’ आता पुढच्या पानापानावर, नळाच्या कलमात, ओट्याच्या कलमात, राखणदाराच्या कलमात, जिथे जिथे ‘घर’ होतं तिथे तिथे ती आली! घराचा पुढचा भाग म्हणजे तिचा, मागचा भाग म्हणजे तिचाच. समासात दोघा भावांनी सह्या केल्या, आणि साक्षीदार म्हणून रडत रडत प्रेमा आणि वसुधेने.

“वेड्यांनो,” वनमाला कासावीस होऊन म्हणाली, “आणि उद्या मी मेलंय तर?”

“तर आम्ही बेघर,” जयवंत म्हणाला. “तसंच लिहिलंय.”

आता नीट ऐका, कारण खरी गंमत पुढेच आहे! करार पक्का झाला, व्याख्या लागू झाली, आणि वहिनी तर बसलेली मिठाच्या ढिगापाशी. म्हणजे घर कुठे असायला पाहिजे? तिथे! मार्तंडरावांचा करार, घराची काय बिशाद! मुलुंडच्या बाजूने एक आवाज आला, कौलं किणकिणल्यासारखा. सगळ्यांनी माना वळवल्या. आणि पाहतात तर काय, खवणेकरांचं घर बांधावरून चालत येतंय! पदर सावरावा तसा पडवीचा पत्रा सावरत, चिखल चुकवत, एकेक खांब जपून टाकत... चुलीवर भात तसाच रटरटतोय, बोका खिडकीत बसलाय, आणि मागून शेंदूर लावलेला राखणदार टुणटुण उड्या मारत येतोय, म्हणजे तो जंगमच ठरला...

“ओ दादूअण्णा!” कोणीतरी मला मध्येच तोडलं.

ऐकणाऱ्यांच्या मागे, पायरीवर सुपात तांदूळ निवडत बसलेल्या, केस पिकलेल्या बाईने सूप बाजूला ठेवलं. वनमालावहिनीच ती. कधी येऊन बसली होती कोण जाणे.

“साफ खोटा बोलतास! अदृश्य कसली होतंय मी? होतंय थंयच. बघणारा कोण नव्हता! आणि दोन महिने जेवणा कोणी वाढला? तुमच्या बायलेन, शेवंतीन, तुमच्याच पडवीत! ता बरा गाळलात?”

“असू दे गो... पण घर तर—”

“घर खंय चलता? रडान रडान दोघांका वाट दिसा नाय होती, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतान उभे. मीच उठलंय, आणि दोघांका हाताक धरून घराक घेऊन गेलंय.”